मुकादम ठकूला ओळखत नाही

सोमवार

आज घरात भांडण जुंपलं आणि पहिला वार माझ्या बाजूने झाला, असं ताईचं म्हणणं आहे. माझ्या बाजूने म्हणजे माझ्या बोक्याने. मी त्या वेळी खाली दुकानात एका कोटावरचा शाईचा डाग काढत होतो. माझा यात काडीचाही संबंध नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण ताईपुढे बोलून उपयोग नसतो.

झालं ते असं. ताईच्या ठकूचा एक दात किडला होता. सकाळी ताई तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी भूल देऊन दात काढला आणि संध्याकाळी मांजर घरी आलं. टोपलीचं झाकण उघडल्यावर ठकू झोकांड्या खात बाहेर आली आणि सवयीने खिडकीकडे निघाली. खिडकीत मुकादम बसला होता. दिवसभर लाँड्रीच्या काउंटरवर बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो, म्हणून त्याचं नाव मुकादम. वर्षभर ही दोघं त्या खिडकीत पाठीला पाठ लावून झोपत आली आहेत. आज त्याने तिला हुंगलं, शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगवली आणि असा काही फिसकारला की ठकू थेट कपाटावर.

ताई जिन्यात येऊन म्हणाली, "धाकट्या, तुझा बोका माझ्या मांजराला ओळखत नाही."

"उद्या ओळखेल," मी म्हणालो.

"वर्ष झालं तिला इथे येऊन. अजून परकीच आहे."

मांजराबद्दलच बोलत होती, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. शाईचा डाग निघाला.

मंगळवार

मुकादमने ठकूला ओळखलं नाही. सकाळी तिने कपाटावरून एक पाय खाली टाकला तर हा खाली घुरघुरत उभा. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच घुरघुरतो आहे.

मेहुणे गेल्यावर ताई ठकूला घेऊन माझ्याकडे "चार दिवस" म्हणून आली. त्या चार दिवसांत माझे कप वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आले, आरसा दाराजवळून खिडकीजवळ गेला आणि माझी जुनी खुर्ची, जिच्यात मी उभं आयुष्य सुखाने बसलो, ती "पाठीला वाईट" ठरून गच्चीवर गेली. मी लग्न केलं नाही ते काही उगीच नाही. पण मोठ्या बहिणीपुढे लग्न न केल्याचा काही फायदा होत नाही, हे मला उशिरा कळलं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझे हात ओले होते म्हणून ताईने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. बाई म्हणाल्या, "काका, घाबरू नका, असं पुष्कळदा होतं. मांजरं तोंड बघून ओळखत नाहीत, वासाने ओळखतात. ठकूला दवाखान्याचा वास लागलाय, त्यामुळे मुकादमला वाटतंय की ही कुणीतरी भलतीच घरात शिरली. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एक टॉवेल ठकूच्या गालांवरून, मानेवरून फिरवा आणि तो मुकादमच्या खोलीत ठेवा. त्याच्या अंगावरून फिरवलेला तिच्या खोलीत. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्या. घाई मात्र करू नका."

टॉवेल म्हटल्यावर मला हुरूप आला. बाकीचं काही मला येवो न येवो, टॉवेल हा माझा विषय आहे. ताईने आतल्या खोलीत ठकूला पुसलं, मी दुकानात मुकादमला पुसलं. केस, लाळ, कानातला मळ, काही विचारू नका. दोन्ही टॉवेल गरम पाण्यात धुतले, वाळवले, कडक इस्त्री केली, घड्या घातल्या आणि अदलाबदल केली. ताई तेव्हा बाजारात गेली होती. मुकादम टॉवेलवर चढला आणि लगेच झोपला. पहिल्याच दिवशी एवढा गुण आला म्हणजे डॉक्टरीणबाई हुशार दिसतात.

बुधवार

पहिले पाढे पंचावन्न. मी दार जरासं किलकिलं केलं तर मुकादमने फटीतून पंजा घातला. ठकूनेही आज त्याला उलट शिवी हासडली. वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, इतकी गरीब मांजर. दात गेला आणि वाचा फुटली.

मी विचार केला, वास कमी पडत असणार. म्हणून टॉवेल आज हॉटेलच्या चादरींना घालतो त्या गुलाबाच्या सुगंधी पाण्यातून काढले. एक वास, एक घर. आमच्या धंद्यात अशीच रीत आहे, कुणाचाही कपडा आला तरी जाताना एकाच वासाने जातो. त्यावर दोन्ही मांजरं शिंकली. ठकू बिछान्याखाली गेली. मुकादम माझ्यावर फिसकारला. आता तो मलाही ओळखत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताईने तिच्या खोलीतला टॉवेल उचलून नाकाला लावला. "धुतलास?" तिने विचारलं.

"मग? मांजराच्या अंगाला पुसलेला टॉवेल तसाच ठेवू? या घरात असलं चालत नाही."

तिने टॉवेल परत होता तसा घडी करून ठेवला आणि आत गेली. ताई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा माझा अनुभव आहे. अर्थात असे प्रसंग आयुष्यात दोन-तीनच.

गुरुवार

जेवताना ताई म्हणाली, "मी काय म्हणते, या दोघांचं काही जमणार नाही. मी ठकूला घेऊन मुलाकडे जाते. रविवारी येतोय तो न्यायला."

मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाई करू नका."

"घाई कसली. चार दिवस म्हणून आले होते."

मग मी सूप छान झालंय म्हणालो. ती म्हणाली, ते उकळलेलं पाणी आहे, सूप अजून व्हायचंय.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो, कान देऊन ऐकत नव्हतो. भाचा चांगला मुलगा आहे. काम काय करतो ते मला नीट कळलेलं नाही, पण कॉलर स्वच्छ असते. त्याच्या बायकोला मांजराच्या केसांनी शिंका येतात, तेव्हा ठकूला गॅलरीत राहावं लागणार. ताईला जी खोली मिळेल तिच्यात सध्या व्यायामाचं यंत्र आहे. ताई फोनवर "हो, हो, चालेल की, मला काय लागतंय" असं म्हणत होती. माझ्या घरात तिला सगळंच लागतं. पडद्याचा रंगसुद्धा लागतो.

एका अर्थाने सुंठीवाचून खोकला गेला. खुर्ची गच्चीवरून खाली आणता येईल.

तरीही टॉवेल वेळेवर बदलले. आज जादा साबण टाकला आणि दोनदा खळबळून काढले. प्रयत्नांत कसूर नाही.

शुक्रवार

ताई सकाळी एका मैत्रिणीचा निरोप घ्यायला गेली. घरात मी एकटा. मी ठरवलं की आत्ताच सवय करून घ्यावी. खुर्ची खाली आणली. बसलो. खरंच पाठीला वाईट आहे.

कप वरच्या फळीवर ठेवले. मग चहा करायला गेलो तर हात आपोआप खालच्या फळीवर. कप नाही म्हणून मी चिडलो आणि "ताई, कप कुठे ठेवलेस?" असं ओरडलो. मोकळ्या घरात ओरडलो. मुकादमने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा नव्हतीच.

मला तिच्या जाण्याचं वाईट वाटतंय असं नाही. जेवायला दोन माणसं असली की भाजी उरत नाही, एवढंच. शिवाय ती गिऱ्हाइकांशी बोलते ते बरं पडतं. मला डागांशी बोलता येतं, गिऱ्हाइकांशी नाही. आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर वरच्या खिडकीत दिवा लागलेला असतो. त्याची सवय झाली आहे. सवय मोडेल.

नाही, खरं लिहितो. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. मांजरांचं जमलं तर ती राहील. मी तिला काही म्हणायची गरजच पडणार नाही. म्हणून ठरवलं आहे की उद्या टॉवेल घेऊन जातीने डॉक्टरीणबाईंकडे जायचं आणि कुठे चुकतंय ते विचारायचं.

ता.क. ती यायच्या आत कप पुन्हा खाली ठेवले.

शनिवार

आज माझी जी शोभा झाली ती डायरीतसुद्धा लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दवाखान्यात गर्दी होती. एक बाई कासव घेऊन आली होती, एक म्हातारे गृहस्थ दोन कुत्री. माझा नंबर आल्यावर मी दोन्ही टॉवेल टेबलावर ठेवले. गिऱ्हाइकाला देतो तसे, पातळ कागदात गुंडाळून. डॉक्टरीणबाईंनी कागद सोडला, टॉवेल हातात घेतला, वास घेतला.

"काका, हे नवीन आहेत का?"

"छे, हेच ते. रोज मांजरांना पुसतो, धुतो, इस्त्री करतो आणि अदलाबदल करतो. एक दिवस चुकवलेला नाही."

बाई टॉवेल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी टॉवेल तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत.

"काका," त्या डोळे पुसत म्हणाल्या, तेही माझ्याच टॉवेलने, "मी वास पोचवायला सांगितला होता. तुम्ही रोज तो धुऊन काढलात. मुकादमच्या खोलीत ठकूचा वास गेलाच नाही, तुमच्या साबणाचा गेला. आणि त्या बिचारीच्या अंगावर आधी दवाखाना, वर हा गुलाब."

बाहेरचे गृहस्थ दारातून डोकावत होते, त्यांची दोन्ही कुत्रीसुद्धा. मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांतून माणसाचा वास घालवण्याचं काम केलं. वास ठेवायचाही असतो, हे डोक्यात शिरणार कुठून?

घरी आलो. ताई बॅग भरत होती. मी जिन्यातूनच म्हणालो, "ताई, टॉवेल धुवायचे नव्हते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे?"

"फोन माझ्यासमोरच चालू होता. वास द्यायचा तर टॉवेल धुवायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

"मग बोलली का नाहीस?"

तिने एक पातळ शाल घडी केली, उलगडली, परत घडी केली. शाल इस्त्रीची होती, मीच केलेली. "मी विचारलं होतं, धुतलास का म्हणून. तू म्हणालास, या घरात असलं चालत नाही. मला वाटलं, मांजरांचं जमू नये असंच तुला वाटतंय. तुला तोंडाने सांगवत नाही, म्हणून टॉवेलांकडून सांगतोयस."

"काय सांगतोय?"

"की आता पुरे झालं, जा."

मी तिथे दारात उभा होतो, माझ्या हातात ते टॉवेल होते, आणि बोलायला अख्खा जिना रिकामा होता. मी म्हणायला हवं होतं की ताई, वेडी आहेस का? मी म्हणायला हवं होतं की मी मूर्ख आहे, पण दुष्ट नाही. त्याऐवजी मी काय म्हणालो, तर "आजपासून नाही धुणार."

"आता कशाला," ती म्हणाली आणि शाल बॅगेत ठेवली.

संध्याकाळी मी स्वतः दोघांना पुसलं. ठकूच्या गालाचा टॉवेल केसांसकट, ओला, चुरगळलेला, तसाच नेऊन दुकानात जमिनीवर ठेवला. घडी घालायचीसुद्धा हिंमत केली नाही, न जाणो त्यानेही काही बिघडेल. मुकादम आला. खूप वेळ हुंगत बसला. मग त्याने आपला गाल त्या टॉवेलवर घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मी ताईला हाक मारली. ती वरून बघून गेली. "बरं झालं," म्हणाली, पण बॅगेची चेन लावल्याचा आवाज मी ऐकला.

रविवार

सकाळी दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना मासे घातले. दोघंही दाराला नाक लावून जेवली. मी दार उघडलं. आता ही दोघं काय ते सांगतील, म्हणून श्वास रोखून उभा राहिलो. मुकादम दोन पावलं पुढे गेला, थांबला आणि फिसकारला. पूर्वीपेक्षा हळू, पण फिसकारला. ठकू फिरून आत गेली.

मी इतका चिडलो की मुकादमला म्हणालो, "अरे, एवढं एक काम होतं तुझ्याकडे."

खरं तर ते काम त्याचं नव्हतं.

भाचा सकाळीच आला. आज दुकान अर्धा दिवस उघडं होतं, तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती आणि मोठ्या मशीनमध्ये एका घरचे पडदे चालले होते. भाच्याने बॅगा खाली आणल्या. ताईने ठकूची टोपली काउंटरवर ठेवली, शाल सारखी केली आणि म्हणाली, "येते रे धाकट्या. सूप फ्रिजमध्ये आहे. उकळून घे, नुसतं गरम करू नकोस."

मी म्हणालो, "बरं."

भाचा म्हणाला, "मामा, ये कधीतरी."

मी म्हणालो, "बरं."

ताई दाराकडे निघाली. माझ्या तोंडातून काहीतरी निघालं. मशीनचा घरघराट इतका, की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?" ताईने वळून विचारलं.

"काही नाही" हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयारच असतात. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी मागे वळलो आणि मशीन बंद केली. पडदे अर्धे धुऊन झालेले, रंगीत आणि पांढरे शेजारी शेजारी, साबणाच्या पाण्यात. अर्ध्यात मशीन थांबवायची नसते. दुकान उघडल्यापासून मी कधी थांबवलेली नाही, घरात माणूस आजारी असतानासुद्धा. दुकानात एकदम शांत झालं.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. परत म्हणालो. "ताई, जाऊ नकोस. मांजरांचं जमो नाहीतर न जमो. ती राहतील एक वर आणि एक खाली. तू इथे राहा. तू नसलीस तर मला नाही करमणार. टॉवेल मी मुद्दाम नाही धुतले. मला दुसरं काही येतच नाही गं."

एक गिऱ्हाईक उगीचच आपल्या शर्टाची बटणं मोजायला लागलं. भाच्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. तो एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. ताई मात्र काउंटरकडे बघत होती. तिथे मुकादम बसला होता आणि त्याने टोपलीच्या जाळीला नाक लावलं होतं. आतून ठकूचं नाक. कुणी फिसकारत नव्हतं. आम्ही कुणीही हललो नाही, उगीच बिनसायला नको म्हणून.

मग ताई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. पदराने नाही, माझ्या काउंटरवरच्या धुतलेल्या रुमालाने, कुणाचा होता देव जाणे, तिने डोळे पुसले.

"आधी मशीन चालू कर," ती म्हणाली. "लोकांच्या पडद्यांचं वाटोळं होईल."

"म्हणजे राहतेस?"

"आधी मशीन म्हटलं ना."

मी मशीन चालू केली. भाचा बॅगा घेऊन पुन्हा जिना चढला. जाता जाता माझ्या खांद्याला खांदा लावून गेला. शहाणा मुलगा आहे.

पडदे पाहिले. पांढऱ्यांवर निळी छटा आली आहे आणि ती काही निघायची नाही. उद्या पडदेवाल्या बाईंकडे स्वतः जाऊन सांगावं लागेल की चूक माझी आहे. ताई म्हणाली, मी येते बरोबर, तुला बोलायला जमणार नाही. मी म्हणालो, जमेल.